दोन राज्यांचे अमीनसाहेब

हुमनाबादेत मला खोली मिळेना. घरमालकाचा पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनाव काय. ह्याच जिल्ह्यातलं मेहकर म्हटलं की माना डोलायच्या. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. आम्ही बौद्ध होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण आडनाव जुनंच होतं. मराठी शाळेत हजर होऊन तीन आठवडे झाले तरी मी आणि आई एका लांबच्या नातेवाइकाच्या ओसरीवर पथारी टाकून होतो.

शेवटी शाळेच्या म्हाताऱ्या शिपायालाच दया आली. म्हणाला, "एक खोली रिकामी हाय बाई. पर तिथं कुणी जाईना."

"कामून?"

"अमीनसाहेबाची हाय. फितूर मानूस."

निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत. ते राज्य जाऊन वीस वर्षं होत आली होती. मध्ये एक राज्य येऊन गेलं, आता आम्ही म्हैसूर राज्यात होतो, आणि हे गृहस्थ मात्र अजून अमीनच होते. तोंडावर अमीनसाहेब, पाठीमागं फितूर अमीन. त्यांचं खरं नाव मी पुढं एकदाच ऐकलं, तेही विसरून गेले.

आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात पाटावर बसून अत्तराच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्यानं धुवत होते. किडकिडीत अंग, छाटलेली पांढरी दाढी, अंगात स्वच्छ पण विटलेली शेरवानी. साठीच्या अलीकडचे असतील. मी खोलीचं विचारलं आणि विषय एकदाचा संपावा म्हणून आडनावही सांगून टाकलं.

"ते परवाच कळलंय," ते म्हणाले. "तुम्ही कुठली कुठली घरं बघितली तेही कळलंय. भेटायला कोण कोण येणार तेवढं सांगा."

आई म्हणाली, "कोन येतंय सायेब आमच्याकडं? आमी दोघीच हाव."

"मग दोघी जरा दारापासून विहिरीपर्यंत चालून दाखवा. एकेक करून."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. आम्ही चाललो. ते डोळे मिटून ऐकत बसले होते. मग शेरवानीच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी पाटावर ठेवली. म्हणाले, "आता बरं. आता पावलं वाजली तरी मी दचकणार नाही."

त्या घरात आम्ही चार वर्षं काढली. पुढची खोली आमची, मागची त्यांची. बायको केव्हाच माहेरी हैदराबादला निघून गेली होती, मूलबाळ नव्हतं. आठवडी बाजारात पेटी घेऊन बसायचे आणि अत्तर, सुरमा विकायचे. पोलिसातला माणूस अत्तर कसा काय विकायला लागला, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

ते म्हणाले, "सोंग घेतलं होतं, उस्तानी. नोकरी गेली, सोंग राहिलं. तेच पोटाला लागलं."

मला ते उस्तानी म्हणत, म्हणजे मास्तरीणबाई. आईला अक्का म्हणायचे आणि आई त्यांना अण्णा. हे कधी सुरू झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्यांच्या खोलीत कागदाचा कपटा नव्हता. दुकानातून साखर आणली की डब्यात ओतायचे, पुडीचा कागद दोन्ही बाजूंनी वाचायचे आणि चुलीत घालायचे. पोस्टकार्ड आलं तर दोनदा वाचून चुलीत. कॅलेंडरसुद्धा नव्हतं, वार आणि तारीख तोंडपाठ असायची. मी शाळेतून वह्यांचे गठ्ठे तपासायला आणायची, त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. आत-बाहेर करत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "ट्रंकेला कुलूप आहे ना?"

"लेकरांच्या वह्या आहेत अमीनसाहेब. बेरजा-वजाबाक्या."

"हौ, पण वर नावं लिहिलेली असतात."

आईला वाटायचं त्यांच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय. मला तसं वाटलं नाही, कारण त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालायचं. एका बुधवारी सकाळी मी शाळेला निघाले तर म्हणाले, "उस्तानी, आज पाढ्यांचे तक्ते लावून ठेवा. उद्या तुमचा साहेब तपासणीला येईल."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? बसस्टँडच्या हॉटेलवाल्यानं दोन कोंबड्या राखून ठेवल्यात. आणि तुमच्या हेडमास्तरानं बुधवारी दाढी केलीय."

गुरुवारी साहेब आले. सगळ्या शाळेत तक्ते फक्त माझ्या वर्गात होते.

दरसाल एकदा साध्या कपड्यातला एक पोलीस त्यांची चौकशी करायला यायचा. दरवेळी नवा असायचा, आणि दरवेळी सुरमा घ्यायला आलोय म्हणून सांगायचा. एक जण धोतर-पागोटं घालून आला तेव्हा मी घरातच होते. अमीनसाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाट सरकवला. "बस बाबा. धोतर खेड्यातलं नेसलास ते बरं केलंस, पण बूट सरकारी राहिले बघ." तो बिचारा ओशाळून हसला. त्यांनी त्याला चहा दिला आणि काय लिहायचं तेही सांगितलं: इसम घरीच आहे, तब्येत बरी आहे, कुणाशी बोलत नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही तर निजामाला सोडून ह्यांच्याच बाजूला आला होतात ना? मग अजून नजर कशाला?"

"बाजू एकदा बदलली म्हणून तर," ते म्हणाले. "फिरलेला माणूस कुठल्याच सरकारला परवडत नाही. ज्यांच्याकडून गेला ते थुंकतात. ज्यांच्याकडं आला ते हात मिळवतात आणि मग हात धुतात."

शुक्रवारी ते नमाजाला जायचे. एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी मशिदीवरून आले. दार उघडं होतं. शेवटच्या ओळीत, चपलांजवळ ते उभे होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी होती. पुढं दाटी होती तरी. बाजारपेठेतले हिंदू व्यापारी "अमीनसाहेब, अमीनसाहेब" करून त्यांना हाक मारत, पण दुकानावरून उठून त्यांच्या पेटीशी कुणी येऊन बसत नसे. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की गावातल्या सगळ्या माणसांत ते फक्त आम्हा दोघींशी बसून बोलतात. आणि आमच्याशीही तोवर दुसरं कुणी बोलत नव्हतं.

त्यांची गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. आईला सांगितली. आई दुपारी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची, ते पाटावर बाटल्या पुसत बसायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादा तुकडा बाहेर पडायचा. आई तो मला भाकरी थापताना सांगायची. ते तुकडे मी इथं सलग लावते आहे.

ते गुप्त खात्यात होते. हुमनाबाद निजामाच्या मुलखात, सोलापूर भारतात. मध्ये नाका, पोलीस, बंदुका. म्हणजे दुसरा देशच. इकडून पळून गेलेल्या माणसांचे सोलापूरच्या बाजूला कॅम्प होते. ती माणसं सरहद्द ओलांडून यायची, नाके जाळायची आणि परत जायची. अमीनसाहेबांनी अत्तरवाल्याच्या वेशात पेटी घेऊन तिकडं जायचं, कॅम्पात कोण कोण आहे आणि इकडं त्यांना आसरा कोण देतं ते बघायचं आणि वर लिहून पाठवायचं.

एका खबरीत त्यांनी एका गावच्या मास्तराचं नाव लिहिलं. मास्तर आसरा देत होता, ते खरंच होतं. चार दिवसांनी निजामाच्या नावानं फिरणारी एक हत्यारबंद टोळी त्या गावात शिरली. मास्तर आधीच निसटला होता. टोळीनं त्याची सगळी गल्ली पेटवून दिली. दोन दिवसांनी अमीनसाहेब पेटी घेऊन त्याच वाटेनं निघाले.

आईला ते म्हणाले होते, "अक्का, एक बाई जळक्या दारात बसली होती. मला हाक मारून म्हणाली, भाऊ, भाजल्याला लावायला काय हाय का पेटीत? माझ्याकडं गुलाबाचं अत्तर होतं."

पुढच्या खेपेला ते सोलापुरात सरळ भारताच्या फौजी साहेबापुढं जाऊन उभे राहिले. मी कोण ते सांगतो, मग मारायचं तर मारा, म्हणाले. साहेबानं मारलं नाही. त्यानंतर काही महिने ते इकडं खोटं लिहीत होते आणि तिकडं खरं सांगत होते. कोणत्या नाक्यावर किती माणसं, कोणत्या पुलावर पहारा, सगळं. इकडं कळलं असतं तर झाडाला टांगलं असतं. भीती वाटायची का, असं आईनं विचारलं. म्हणाले, झोप यायची फार. उभ्या उभ्या झोप यायची.

मग फौज आत यायची वेळ आली. साहेबानं त्यांच्याकडून एक यादी मागितली: रस्त्यालगतच्या गावांत हत्यारं कोणाकोणाच्या घरात आहेत. त्यांनी लिहून दिली. त्यातल्या एका गावात त्यांच्या थोरल्या भावाचं घर होतं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून दोन्ही बाजूंच्या लोकांची नातवंडं नांदतात. भाऊ काही टोळीतला नव्हता, शेतीवाडी सांभाळणारा माणूस होता. पण घरात दोन बंदुका होत्या.

"भावाचं बी लिवलं?" आईनं विचारलं होतं.

"लिहिलं. बाकीच्यांची लिहायची आणि आपलं तेवढं गाळायचं, मग मी कसला खबर देणारा?"

फौज आली. जवानांनी भावाच्या घरातून बंदुका नेल्या, कुणाला हात लावला नाही. निजामाचं राज्य चार दिवसांत संपलं, फौज पुढं गेली. आणि तिच्या मागं आसपासच्या गावांतली माणसं आली, मागचे हिशेब चुकते करायला. त्यांच्या हातात यादीची नक्कल होती. अमीनसाहेबांचा भाऊ आणि भावाचा तरणा मुलगा, दोघांना त्यांनी दारातच संपवलं. घरात भाभी तेवढी राहिली, आणि तेव्हापासून तिचं नि ह्यांचं बोलणं नाही.

आईनं हे सांगितलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली. ती म्हणाली, "दोनी डाव त्येनं खरंच लिवलं गं. दोनी डाव मानसं मेली."

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा लढलेल्या लोकांना ताम्रपट द्यायचं ठरलं. ज्याला तो पाहिजे त्यानं कॅम्पात असल्याचा पुरावा, नाहीतर कुणा माहीतगाराचा लेखी जबाब आणायचा. तालुक्यात एक वजनदार पुढारी होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. शाळांच्या बदल्यासुद्धा त्यांच्या शब्दावर होत असं ऐकत होते. एका रविवारी दुपारी त्यांची जीप आमच्या दारात थांबली.

आप्पा पांढरी टोपी काढून अंगणात खाटेवर बसले. घाम पुसला. बोलायला मोकळे माणूस होते. म्हणाले, "अमीनसाहेब, कॅम्पातले माझ्या ओळखीचे सगळे गेले बघा. तुमीच एक राहिलाव. मी हुतो का न्हवतो?"

"होतात."

"मग तेवढं लिवून द्या."

"मी लिहीत नाही. उस्तानी लिहील, मी सांगतो. अंगठा देईन."

फौजदारकी केलेला माणूस अंगठा देतो म्हणतो, ह्याचं आप्पांना हसू आलं. मी वहीतला दुपानी कागद काढला. अमीनसाहेबांनी डोळे मिटले आणि सावकाश सांगायला लागले. आप्पा कॅम्पात कधी आले, कुठल्या तंबूत होते, सरहद्द किती वेळा ओलांडली, एकदा पायाला गोळी चाटून गेली तरी दोन जखमींना पाठीवर घालून त्यांनी ओढा कसा पार केला. इतकं बारीक की आप्पांचे डोळे भरून आले. "आयला," ते म्हणाले, "तो ओढा मीच विसरलो हुतो."

"पुढं लिहा," अमीनसाहेब म्हणाले. "हत्यारांची यादी मी फौजी साहेबाकडं पोचवायला ह्या इसमाच्या हाती दिली. तिची एक नक्कल ह्या इसमाकडं राहिली. फौज गेल्यावर ती नक्कल गावोगाव फिरली."

माझा हात थांबला. आप्पांनी टोपी हातात घेतली, परत मांडीवर ठेवली.

"लिहा, उस्तानी."

मी लिहिलं.

आप्पा म्हणाले, "मी दिली न्हाई कुनाला. माझ्या खिशातनं काढून न्हेली. मी आडवं बी झालो हुतो, पर माझं कोन ऐकायलंय त्या टायमाला?"

"असेल," अमीनसाहेब म्हणाले. "तसं लिहू. उस्तानी, लिहा: नक्कल खिशातून काढून नेली, असं इसम सांगतो."

"ती खालची वळ काढा अमीनसाहेब. वरचं सगळं खरं हाय न्हवं? तेवढं पुरं."

"खालचंही खरं आहे."

"कामून उकरायलाव? मेली ती मानसं. पंचवीस वरसं झाली."

"मी काही मागत नाही आप्पा. तुमच्यावर फिर्यादही नाही. तुम्ही विचारलंत तर सगळं सांगेन, अर्धं नाही सांगणार. अर्धं सांगायचं असतं तर तेव्हाच एक नाव गाळलं असतं."

आप्पा उठले. कागद त्यांनी घेतला नाही. जाताना मात्र आईपाशी थांबले आणि म्हणाले, "मावशे, म्या त्या घराकडं गेलो न्हवतो. शपत." जीप गेल्यावर अमीनसाहेबांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि चुलीत घातला.

आप्पांना पुढं ताम्रपट मिळाला, दुसऱ्या कुणाच्या तरी जबाबावर. वरचं सगळं खरंच होतं, त्यामुळं तो मिळाला ह्याचं मला वाईट वाटलं नाही. जूनमध्ये माझा बदलीचा हुकूम आला: चिंताकी, तालुका औराद. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तो आप्पांनी काढायला लावला की माझी पाळीच होती, हे मला कधी कळलं नाही. हेडमास्तर माझी नजर चुकवत होते एवढं खरं.

अमीनसाहेबांना हुकुमाचं सांगितलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "पुन्हा मी खरं सांगितलं आणि झळ दुसऱ्याच कुणाच्या दारात गेली."

मला वाटतं आईनं तेव्हाच मनात ठरवलं. सामान बांधायच्या आधीच्या रविवारी ती मला म्हणाली, "चल. त्या भाभीला भेटून येऊ."

"आपण कोण तिला भेटणारे?"

"कुनी न्हाई. म्हनून तर जायचं."

बसनं तासाभराचा रस्ता. भाभींचं घर विचारत गेलो तर एका किराणावाल्यानं बोट दाखवलं आणि लगेच दुसरीकडं बघायला लागला. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीत एक शेळी. भाभी सत्तरीकडं झुकलेल्या, उंच, पाठीत बाक नसलेल्या. लेक जवळच्याच गावात दिलेली, ती येऊन-जाऊन असायची. आई सरळ म्हणाली, "आमी अमीनअण्णाच्या घरात भाड्यानं ऱ्हातो."

भाभींनी आम्हाला जा म्हटलं नाही. बसा पण म्हटलं नाही. आई बसली.

"त्येंनी कधी सोताहून काई मागितलं न्हाई," आई म्हणाली. "मीच आले. यादीत तुमच्या घराचं नाव लिवलं म्हनून तुमी बोलत न्हाईत, आसं त्येंना वाटतंय."

"यादी?" भाभी म्हणाल्या. त्यांची मराठी दखनीत मिसळलेली होती. "यादीचं मला आधीच माहीत होतं जी. लिहायच्या आदल्या दिवशी आला होता तो. माझ्या मालकाला म्हणाला, भाईजान, बंदुका विहिरीत टाका, मी खोटं लिहिणार नाही. मालक हसले. म्हणाले, लिही, माझ्या बंदुका चोरीच्या नाहीत." त्यांनी शेळीपुढचा पाला सारखा केला. "फौजवाले आले, बंदुका दिल्या. झालं. त्यात त्याची काय चूक? मागून आले ते दुसरे लोक."

"मग?"

"मातीला आला नाही."

भाभींनी शेळीची दोरी खुंट्याला आवळली.

"सख्खा भाऊ. लेकरासारखं वाढवलं होतं त्याला. घरात दोन मयती, उचलायला माणूस नाही, सगळे पळालेले. मी दारात उभी राहून वाट बघितली. आज येईल, आत्ता येईल. नाही आला. तेव्हापासून माझ्यासाठी तिसरा पण मेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेब अंगणात आले तेव्हा ती त्यांच्यासमोर बसली आणि भाभी जे म्हणाल्या ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. यादीचा राग नाही हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातली बाटली थांबली. मातीचं ऐकलं आणि त्यांनी ती खाली ठेवली.

"मी आलो होतो, अक्का," ते म्हणाले.

"कवा?" आईनं विचारलं.

"तिसऱ्या दिवशी खबर लागली, तसा निघालो. मयती तोवर उचलल्या नव्हत्या. गावाबाहेर ज्वारी उभी होती, पुरुषभर. ज्वारीतून बघत होतो. चार माणसं होती. दोन मयती आणि चारच माणसं. आधी भाईजानला पोचवलं, मग तीच चौघं परत गेली आणि पोराला घेऊन आली. एक म्हातारा मध्येच खाली बसला, तर मयत जमिनीला टेकवावी लागली. सगळं दिसत होतं. हातात पेटी होती. अत्तरवाला म्हणून आलो होतो. अत्तरवाल्यानं खांदा कसा द्यायचा? ओळखलं असतं कुणी. ओळखलं असतं तर काय झालं असतं? राज्य तर संपलं होतं. माझा मालकच कुणी राहिला नव्हता. तरी मी पेटी घेऊन ज्वारीत उभा. बघितलं, आणि निघून गेलो. नोकरीच तशी केली होती. बघायचं आणि निघून जायचं."

शेंगांचं सूप आईच्या मांडीवर तसंच होतं.

"हे तिला सांगितलं का?"

"नाही."

"पंचवीस वरसं मला सांगायला थांबलाव व्हय? जावा की मग. तिला जाऊन सांगा."

"तिनं दार लावलं तर?"

"तर भाईर बसा. तिचं दार हाय, ती लावंल न्हाई तर उघडंल. तुमी जायचं काम करा."

इतक्या वर्षांत कुणी त्यांना हुकूम केलेला मी पाहिला नव्हता. ते "हौ" म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले.

आम्ही तीन दिवसांनी निघालो. सकाळी मी किल्ली द्यायला मागं गेले तर त्यांच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, पहिल्या बसनं गेले. हातात पेटी न्हवती, म्हणाली, तेच तिला नवल वाटलं. आम्ही किल्ली तिच्याकडं दिली. आई सारखी रस्त्याकडं बघत होती, पण बस सुटेपर्यंत ते काही आले नाहीत. निरोप घ्यायचा राहिला.

चिंताकीत तेलुगु बोलणारी लेकरं वर्गात बसायला लागली, मी थोडं तेलुगु शिकले, राज्याचं नाव कर्नाटक झालं, आई थकली. हुमनाबादकडचं कुणी भेटलं की ती अण्णांचं विचारायची. कुणी म्हणे घर विकलं, कुणी म्हणे हैदराबादला गेले. नक्की कुणाला माहीत नव्हतं. आई गेली ती विचारतच गेली.

पुढं काही वर्षांनी, जनगणना झाल्यानंतर, बीदरला एका बैठकीत हुमनाबादकडचा एक मास्तर माझ्या शेजारी बसला होता. घरोघर फिरून आमचे सगळ्यांचेच पाय दुखत होते, त्यामुळं बोलणं तेच चाललं होतं. त्याला नेमकं भाभींचं गाव आलं होतं. म्हणाला, बाकी गाव झटपट झालं, पण एका घरी फार वेळ मोडला. म्हातारी कुटुंबप्रमुख, आणि पडवीत खाटेवर एक म्हातारा. शेळी त्याच्या पायाशी. लोक सांगत होते की आठ-नऊ वर्षांमागं एक दिवस आला आणि दाराबाहेर बसला. पाऊस लागला तेव्हा म्हातारीनं पडवीत खाट टाकली. जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही. एक अक्षर नाही.

"तक्त्यात प्रत्येक माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायचं असतं ना बाई," तो मास्तर म्हणाला. "मी त्याला विचारलं, तुम्ही ह्यांचे कोण? तो बोलेना, नुसता तिच्याकडं बघायला लागला. मग मी तिला विचारलं, हे कोण? ती पण बोलेना. मी म्हणालो, आजी, काहीतरी लिहावं लागतंय, नाहीतर रकाना मोकळा राहतोय. त्यावर तिनं शेळीला बाजूला केलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, लिहा जी. दीर."